पीपीटी मुलगी करते, हे कुणाला सांगू?

एका प्राध्यापिकेचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात:

'वय ५३. ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका अनुदानित कॉलेजात सत्तावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवते. यंदा जूनपासून कॉलेजने मूडल हे अभ्यासाचं साहित्य ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर सक्तीचं केलंय. प्रत्येक लेक्चरची पीपीटी चढवायची, शिवाय महिन्याला दोन व्हिडिओ. कुणी किती चढवलं याची क्रमवारी महिनाअखेरीला स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. ४१ जणांत मी ३७वी. ज्या थोड्या पीपीटी आहेत त्याही माझी मुलगी करते, ऐरोलीहून ऑफिसातून दमून आल्यावर. हे कॉलेजात कुणाला माहीत नाही. विभागात तासिका तत्त्वावर आलेली एक तरुण सहकारी मोबाइलवर क्विझ घेते, मुलं तिच्या तासाला धावत जातात. गेल्या महिन्यात एफवायच्या १२० मुलांच्या असाइनमेंट्स तपासताना सगळीकडे एकसारखं गुळगुळीत इंग्रजी दिसलं. इंटरनेटवरच्या एका फुकट साइटवर त्या घालून पाहिल्या. साइटने ज्या ३४ जणांचं लिखाण "एआयचं" ठरवलं त्यांना वर्गात उभं करून शून्य दिलं. त्यात वासिंदहून येणारी एक मुलगी रडत म्हणाली, "मॅडम, मी आधी वहीत लिहून मग टाइप केलंय." मी ऐकून घेतलं नाही. आता रात्री झोप लागत नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. देऊन टाकू का? की उरलेली सात वर्षं हसं करून घेत काढू?'

नमस्कार मॅडम,

अर्जाचं नंतर बघू. आधी वासिंदच्या त्या मुलीचं, कारण तुमच्या सबंध पत्रात उशीर झाला तर बिघडेल अशी तेवढी एकच गोष्ट आहे.

त्या साइटने तिला दोषी का ठरवलं असेल, ते सांगते. लेख कुणी लिहिला हे अशा साइट्सना कळत नाही. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज किती सहज बांधता येतो, ढोबळमानाने तेवढंच त्या मोजतात. मजकूर ठरावीक वळणाने गेला की यंत्राचा, मध्येच आडवातिडवा गेला की माणसाचा. आता बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी इंग्रजीतून अर्थशास्त्र कसं लिहिते? तुम्ही-मी लिहायचो तसंच. गाइडमधली पाठ झालेली वाक्यं, बेताचे शब्द, चूक होऊ नये म्हणून लहान लहान विधानं. ती जितकं जपून लिहिते तितकी त्या साइटला यंत्रासारखी दिसते. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसाचेच निघाले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळखयंत्र आणलं होतं. अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षी जुलैत त्यांनी ते मागे घेतलं. बनवणाऱ्यालाच आपल्या यंत्राचं अक्षर ओळखू येईना, तिथे फुकटच्या साइटने दाखवलेला टक्का आपण किती धरून बसायचा?

मुलीने स्वतः लिहिलंय याची खात्री मी देऊ शकत नाही. तुम्हीही देऊ शकत नाही. पण शिक्षा खात्रीवर द्यायची असते, आणि ती तुमच्याकडे नव्हती. तेव्हा येत्या तासाला, त्याच वर्गात, सगळ्यांसमोर तिला सांगा: 'मी तुझं न ऐकता एका साइटचं ऐकलं. चूक माझी झाली.' बस. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे शेपूट लावू नका, आणि स्टाफरूममध्ये एकटीला बोलावून तर मुळीच नको. बोल वर्गासमोर लावला होता, तो परतही वर्गासमोरच घ्यायला हवा. सत्तावीस वर्षांच्या मॅडम चुकल्या आणि तसं म्हणाल्या, हे त्या १२० जणांपैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसेल. धाक जाईल अशी भीती वाटेल. माझा अनुभव उलटा आहे, पण तो तुम्हालाच येऊ द्या.

बाकीच्या ३३ जणांतल्या काहींनी नक्कीच यंत्राकडून लिहून घेतलं असणार. त्यांच्या मागे लागू नका. चौतीसच्या चौतीस शून्यं रद्द करा, वर्गात बसून एक पान हाताने लिहून घ्या आणि ते गुण धरा. आणि पुन्हा कधीही मुलांची नावं, रोल नंबर असलेल्या फाइली अनोळखी साइटवर चढवू नका. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ साली आपल्याकडे स्वतंत्र कायदा झालाय, पण कायद्याचं राहू द्या. आपली उत्तरपत्रिका कुणी रस्त्यावर तपासायला दिली असती तर आपल्याला चाललं असतं का?

आता एक अवघड प्रश्न विचारते. असाइनमेंटचा विषय काय होता? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी अंदाज करते: 'मागणीच्या लवचिकतेचे प्रकार आकृत्यांसह स्पष्ट करा.' हा प्रश्न मीही माझ्या विषयात वर्षानुवर्षं वेगळ्या शब्दांत दिला आहे, म्हणून म्हणते. आधी मुलं तो गाइडमधून उतरवायची, मग सीनियरच्या फाइलीतून, मग झेरॉक्सच्या दुकानातून तयार घ्यायची. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि झेरॉक्सवाल्याचा धंदा बसला, एवढाच काय तो बदल. उतरवून घेता येईल असा प्रश्न आपणच देत होतो. आपल्याला ते कळतही होतं. फक्त उतरवलेलं अक्षर मुलाचं असायचं, म्हणून आपण डोळेझाक करत होतो.

तुमच्या विषयाला तर ठाण्यात राहून सोनं पिकतंय. खाडीपलीकडे वाशीला एवढी मोठी कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. राज्याच्या पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समित्यांमधली शेतमालाची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर तारखेनुसार मिळतात, तेही मराठीत. मुलांना सांगा: चार आठवडे, दर शनिवारी, कांद्याचा तिथला घाऊक दर टिपा आणि त्याच दिवशी आपल्या घराजवळच्या भाजीवाल्याचा दर टिपा. कळव्याची मुलगी कळव्याचा टिपेल, वासिंदची वासिंदचा. घाऊक दर क्विंटलला असतो, भाजीवाला किलोने बोलतो. इथेच निम्मी मुलं पहिली गटांगळी खातील, खाऊ द्या. आवक वाढली तेव्हा दर किती उतरला? वाशीला उतरलेला दर कळव्याच्या गल्लीत पोचायला किती दिवस लागले? पोचला तरी का? भाजीवाल्याला विचारलं तेव्हा तो काय म्हणाला? हे सगळं एक्सेलच्या तक्त्यात भरून त्याचा आलेख काढायचा आणि एक पान हाताने लिहायचं. यंत्र त्यांना आलेख काढायला मदत करील, वाक्य सुधारून देईल, देऊ दे बापडं. कळव्याचा भाजीवाला काय म्हणाला ते त्याला ठाऊक नाही. रचून सांगेल म्हणा, पण शेजारी राहणाऱ्या चार मुलांचे आकडे ताडून पाहिले की रचलेलं उघडं पडतं.

तपासायला वेळ कुठे आहे, हे तुम्ही विचारणारच. १२० मुलांना प्रत्येकी तीन मिनिटं प्रश्न विचारायचे तर सलग सहा तास जातील. तेवढे कुणाकडेच नसतात. मी चिठ्ठ्या काढायचे. दर आठवड्याला ट्युटोरियलमध्ये दहा नावं, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने आपल्याच तक्त्यातल्या एका आकड्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं. चिठ्ठी कुणाचीही निघू शकते म्हटल्यावर सगळेच वाचून येतात.

या कामात तुम्हाला एक गंमत दिसेल. 'ही मुलं तंत्रज्ञानात जन्मलीत, मी मागे पडले' असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. त्यांना एक्सेलमध्ये बेरजेचं सूत्र घालायला सांगा आणि बघा. रील बनवणारी मुलगी तक्त्यात कॅल्क्युलेटरवर केलेली बेरीज हाताने टाइप करताना सापडेल. ई-मेलला फाइल जोडायची म्हटली की स्क्रीनचा फोटो येईल. मोबाइल चालवणं आणि मोबाइलकडून काम करून घेणं यांत तलावपाळीची एक फेरी मारण्याइतकं अंतर आहे, आणि ते अंतर त्यांनाही चालायचंय. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिब्रेऑफिस कॅल्कसारख्या सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ मराठीतून फुकट मिळतात. कॅल्क म्हणजे एक्सेलचाच फुकट मिळणारा चुलतभाऊ. अर्ध्या स्क्रीनवर पाठ लावायचा, अर्ध्यावर स्वतः करायचं. तुम्ही आणि मुलं एकाच महिन्यात शिका. मॅडम आपल्यासोबत शिकतायत हे मुलांना कळलं तर कळू द्या.

आता तुमच्या लेकीकडे वळते.

पत्रातलं सगळ्यात लांब वाक्य तिच्याबद्दल होतं, सारांशात मी ते छाटलं. रात्री दहाला ती जेवून लॅपटॉप उघडते, तुम्ही शेजारी बसून सांगता, ती भराभर टाइप करते, आणि मध्येच तिला जांभई आली की तुम्हाला अपराधी वाटतं. मला विचाराल तर लपवण्यासारखं यात काही नाही. पण प्रश्न असा आहे की या रात्रींतून निघतं काय? मागणीचा वक्र पीपीटीत तयार उमटतो. फळ्यावर तो हळूहळू उमटतो: आधी अक्ष, मग एक बिंदू, मग 'भाव वाढला, आता बिंदू कुठे सरकेल?' असं विचारून थांबणं, मागच्या बाकावरून चुकीचं उत्तर येणं, मग दुसरा बिंदू. मुलं तुमच्याबरोबर वहीत रेघ ओढत असतात. या कामात खडू पीपीटीपेक्षा सरस आहे, आणि हे मी जुन्या प्रेमापोटी म्हणत नाही. जिथे खडू तोकडा पडतो, म्हणजे दहा वर्षांचे कांद्याचे भाव एका नजरेत दाखवायचे आहेत किंवा रिझर्व्ह बँकेच्या अहवालातला तक्ता समोर ठेवून बोलायचंय, तिथे पडदा लावा. त्यासाठी सेमिस्टरला सहा-सात पीपीटी लागतील, साठ नाही. तेवढ्या तुम्ही स्वतः कराल. रंग उडाले, अक्षरं लहानमोठी झाली, तरी चालतील.

आणि 'मला जमत नाही' हे मी मान्य करत नाही. मार्च २०२० नंतर, घरात कुकरच्या शिट्ट्या होत असताना, तुम्ही मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकवून शिकवलंत. २०१७ पासून उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासताय. पहिल्या वर्षी काय गोंधळ झाला होता ते आठवत असेलच, तरी तुम्ही शिकलातच ना? गरज पटली की तुम्ही शिकता. या वेळची गरज तुम्हाला पटलेली नाही, आणि त्यात तुमच्या वयाचा दोष नाही. ती तुम्हाला कुणी सांगितलेलीच नाही. फक्त क्रमवारी लावली.

क्रमवारीवरून आठवलं. १५ ऑगस्ट १९८४ ला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला तेव्हा मी एमएस्सी करत होते. देशभरच्या कॉलेजांत उत्तम प्राध्यापकांचे पाठ पोचणार, गावोगावचा शिक्षक आता काय करणार, अशी चर्चा आमच्याकडे रंगली होती. आमच्या विभागाचा टीव्ही लाकडी पेटीत असायचा, पेटीला कुलूप, आणि किल्ली ज्या शिपाईमामांकडे ते नेमके कार्यक्रमाच्या वेळी जेवायला गेलेले. त्याच्याही किती आधी, १९१३ साली, एडिसनने सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, आता चित्रपटांतूनच शिकवतील. पुस्तकं अजून आहेत. म्हणजे नवं सगळं फोल असतं असं नव्हे. त्या टीव्हीवर जीवशास्त्राची एक फिल्म मी पाहिली होती, ती मला अजून आठवते. पण पेटी आली याचा अर्थ शिकवणं झालं असा लावायची आपल्याकडे जुनी खोड आहे.

मूडलचंही तेच झालंय. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये ते आणलं ते या विचाराने की माणसं एकमेकांशी बोलत, एकत्र काहीतरी घडवत शिकतात. म्हणून त्यात चर्चेचं दालन आहे, प्रश्नपेढी आहे, मुलांनीच भरायचा शब्दकोश आहे. आपण त्याचं पीडीएफचं कपाट केलं आणि कुणाच्या कपाटात किती कागद ते मोजायला बसलो. तुम्ही यातलं एकच काही उचला. माझं मत विचाराल तर चर्चेचं दालन: तास संपल्यावर प्रत्येकाने एक ओळ लिहायची, 'आज काय कळलं नाही'. मराठीत, इंग्रजीत, मराठी इंग्रजी अक्षरांत, कसंही. आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्या तीन ओळींनी करायची. हेच काम चिठ्ठ्यांवरही होतं, मी तशीच करायचे. पण १२० चिठ्ठ्या घरी नेऊन, चष्मा पुसत पुसत लावण्यापेक्षा हे बरं. तंत्राचा एवढा उपयोग मला पुरतो.

व्हिडिओ मात्र करू नका. स्पष्टच सांगते. तुमच्या विषयातले चांगले व्हिडिओ 'स्वयम' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आहेत. केंद्र सरकारने ते २०१७ मध्ये सुरू केलं, आणि यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घ्यायला वाव दिलाय. जे उत्तम झालंय ते मुलांना दाखवा, तुमचा आवाज दुसऱ्या कामासाठी राखा. तुमची वासिंदची मुलगी तासभर लोकलमध्ये असते. दरवाज्याजवळ उभी, एका हाताने दांडा धरलेला. तिला पाऊण तासाचा व्हिडिओ बघता येत नाही, रोजच्या डेटात तो परवडतही नाही, आणि गाडीत नेटवर्क असतं-नसतं. कानात इअरफोन घालून ती आठ मिनिटं ऐकू मात्र शकते. बोलण्याचा ध्वनी कमी दर्जात, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबिटांत साठवला तर दहा मिनिटं अडीच एमबीच्या आत बसतात. घरून निघण्याआधी उतरवून घेतलं की झालं. एका ध्वनिफितीत एकच संकल्पना, तुम्ही वर्गात बोलता त्याच मराठी-इंग्रजी मिसळीत, आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात. याला कॅमेरा नको, लेकीची मदत नको. मोबाइलमधलं रेकॉर्डर, आणि पंखा बंद करून पाच-दहा मिनिटं घामाघूम बसायची तयारी.

तरुण सहकारीबद्दल तुमच्या मनात जे आहे त्याला तुम्ही 'कौतुक' म्हणालात. मी त्याला हेवा म्हणेन. होतो, मलाही झालाय. पण एकदा तिच्या बाजूने बघा. ती तासिका तत्त्वावर आहे. तिला तासाचे पैसे मिळतात, क्विझ बनवण्याचे मिळत नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणं येईल की नाही याची तिला शाश्वती नाही. तुम्ही ३७वी आलात तर तुमचं नाक कापलं जातं, ती ३७वी आली तर तिची नोकरी जाईल. एकदा तिच्या तासाला मागच्या बाकावर बसून बघा, विचारून. आणि तिला तुमच्या तासाला बोलवा. क्विझमधला कोणता पर्याय मुलांना चकवतो हे तिला अजून माहीत नसेल. तुम्हाला सत्तावीस वर्षांच्या उत्तरपत्रिकांतून तो पाठ आहे. तुमच्याकडे असलेलं हे भांडवल एकाही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

त्या भांडवलाचा उपयोग कसा करायचा, ते जरा सविस्तर सांगते, कारण पत्रात मला यातच सर्वांत जास्त शक्यता दिसली.

हार्वर्डला एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. उत्तम शिकवतात अशी ख्याती. १९९० च्या आसपास त्यांनी वर्गाला बल आणि गती यांवरची अगदी साध्या प्रश्नांची चाचणी दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की मला जसं वाटतं त्याप्रमाणे? माझा विषय भौतिकशास्त्र, त्यामुळे हा प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा मला घाम फुटला होता. मझूर यांनी शिकवण्याची रीतच बदलली. थोडं सांगायचं, मग पर्यायांचा एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने न बोलता उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला पटवायला लावायचं, आणि पुन्हा मत घ्यायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं वाढतात, कारण नुकतंच कळलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. आपण ते विसरलेलो असतो.

तुमच्या वर्गासाठी एक प्रश्न. वडापाव १५ रुपयांचा २० झाला. पाचातलं एक गिऱ्हाईक तुटलं. दुकानदाराचा दिवसाचा गल्ला: अ) वाढला, ब) घटला, क) तितकाच राहिला, ड) सांगता येणार नाही. बघा किती जण गिऱ्हाईक तुटलं म्हणजे गल्ला घटला असं म्हणतात. ३०० वडापाव जात होते, आता २४० जातात. ४५०० चे ४८०० झाले. भाव जितके टक्के वाढला त्याहून कमी टक्के मागणी घटली, म्हणजे लवचिकता एकाहून कमी, मागणी अलवचिक. आणि वर्ग सुटता सुटता दुसरा प्रश्न: मग नफा गल्ल्याइतकाच वाढला, की जास्त? साठ पाव आणि साठ वडे वाचले, ते धरलेत का? हे प्रश्न मझूर बनवू शकणार नाहीत, ती तरुण सहकारी कदाचित बनवील, तुम्ही एका बैठकीत चाळीस बनवाल.

मोबाइल हवेत का? १२० मोबाइल एकदम कॉलेजच्या वायफायवर आले तर काय होईल ते तुम्ही जाणता. पाठकोऱ्या कागदाला दोन घड्या घाला, चार चौकोनांत अ, ब, क, ड मोठं लिहा. उत्तराचा चौकोन बाहेर दिसेल असा कागद छातीशी धरायचा, शेजाऱ्याला दिसता कामा नये. मझूर यांनीही सुरुवातीला कार्डंच वापरली होती. पुढे बटणांची यंत्रं आली, तेव्हा नॅथॅनिएल लॅस्री यांनी कॅनडातल्या एका कॉलेजात कार्डांचा वर्ग आणि यंत्रांचा वर्ग शेजारी ठेवून पाहिला. २००८ साली त्यांनी लिहिलं की शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. यंत्राने मोजणी सोपी होते, नोंद राहते. ती सोय हवी असेल तेव्हा सहकारीला सांगा, ती आनंदाने लावून देईल. पण पुढच्या सोमवारी सुरुवात करायला कागद पुरे.

राहिला अर्ज. तुमची नेमणूक नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणजे जुन्या पेन्शनची, त्यामुळे पैशाच्या बाजूने तुम्ही अनेकांपेक्षा मोकळ्या आहात. गुडघे दुखतात, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकने जीव नकोसा होतो, आईला वेळ द्यायचाय, चित्रं काढायचीत, यांतलं काहीही कारण असेल तर खुशाल द्या अर्ज, मला विचारूसुद्धा नका. पण तुमच्या पत्रात यातलं एकही कारण नाही. त्यात व्हॉट्सॲपवरची एक यादी आहे आणि एका मुलीचं रडणं आहे. मुलीचं तुमच्या हातात आहे, यादी तुमच्या हातात नाही. हे सेमिस्टर संपेपर्यंत अर्ज ड्रॉवरमध्येच राहू द्या. वरच्यातलं सगळं करू नका. माफी, कांदा आणि वडापाव एवढंच करा, ध्वनिफिती जमल्या तर. मग दिवाळीच्या सुट्टीत अर्ज काढून पुन्हा वाचा. तेव्हाही सही करावीशी वाटली तर ती तुमची असेल.

आणि लेकीला आजच सांगा, उद्यापासून रात्री दहानंतर लॅपटॉप बंद. ती पहिल्यांदा 'बरी आहेस ना?' असं विचारेल.

ता. क. हे सदर वाचणाऱ्या प्राचार्यांना आणि आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना: या आशयाची पत्रं मला गेल्या वर्षभरात बरीच आली, बेलापूरहून, डोंबिवलीहून, एक तर इंजिनीअरिंगच्या विभागप्रमुखांचं. जवळजवळ सगळ्यांत ती यादी आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी आकडे लागतात हे मला कळतं, मी स्वतः तशा फाइली भरल्यात. तर आकडे घ्या, पण ते ग्रुपवर टाकू नका, ज्याचे त्याला पाठवा. ग्रुपवर टाकायचंच असेल तर महिन्यातून एकदा विचारा, या महिन्यात मुलांना नेमकं कुठे अडलं? पहिल्या महिन्यात कुणी उत्तर देणार नाही. दुसऱ्या महिन्यात एखादी तासिका तत्त्वावरची मुलगी देईल. त्या वेळी तिच्या क्विझच्या तासांचं मानधन कुठल्या खात्यातून निघेल, तेही बघून ठेवा.